पाण्याचा रेणू गरगर फिरत नाही, डुलतो

परवा ट्यूशनला पीयूसी सेकंड इयरची, म्हणजे बारावीची, एक पोरगी म्हणाली, सर मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी पाण्याच्या रेणूशी मॅच केलेली असते, म्हणून पाणी तापतंय नव्हं? कुठल्याशा गाइडात तसं छापलंय आणि पोरं दरवर्षी तेच पाठ करून येतात, मला खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे.

बाहेर बेळगावचा जुलैतला पाऊस धो धो, कुणाला घरी जायची घाई नव्हती, म्हटलं चला किचनमध्ये. एका वाटीत फ्रीजरमधले बर्फाचे कोरडे खडे, दुसरीत तेवढंच पाणी, दोन्ही वेगवेगळं अर्धा अर्धा मिनिट ठेवलं. पाण्यात बोट घातलं तर चटका बसला, बर्फाच्या मात्र नुसत्या कडा ओल्या. रेणू तोच की! पण बर्फात तो जखडलेला, ओव्हनच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी हेलकाव्यांच्या तालावर त्याला वळायला जमतच नाही, आणि पाण्यात तो ८-९ पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) तोंड फिरवतो. मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात दर हेलकाव्यामागं पाणी सगळ्यात जास्त ऊर्जा खातं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ओव्हनमध्ये मॅच बिच काही केलेलं नसतंय.

मग पोरगी म्हणाली, रेणू स्वतःहून कसा हलतो सर? तिला म्हटलं, सकाळची खानापूर बस आठव. तुझा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, तिसऱ्याचा तुझ्या खांद्यावर, गिरकी घ्यायचं नावच नको, फक्त डुलायचं, आणि मध्येच एखादा हात सुटून दुसरा खांदा धरला जातो. हायड्रोजन बाँड, म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या ऑक्सिजनवरची पकड, असाच, पिकोसेकंदभर टिकतो आणि जोडीदार बदलतो. वाफेतला रेणू मोकळ्या बसमधला, गरगर फिरतो, म्हणून त्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती शोषली त्या आलेखात, बारीक बारीक वेगळ्या रेषा दिसतात. पाण्यात त्या रेषा गायब, त्याजागी ७०० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या) आसपास एक रुंद फुगवटा, तेच हे डुलणं, लायब्रेशन म्हणतात त्याला. ७०० जवळची ही इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी लहर, पाणी इतकी गिळतं की केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा थर असला तरी बहुतेक सगळी तिथंच संपते. त्याच्याही खाली २०० जवळ अजून एक फुगवटा आहे, तिथं अख्खा रेणू शेजाऱ्याच्या जवळ येतो, लांब जातो, बाँड ताणला जातो आणि सैल होतो.

हे कळलं कसं, तर जड पाण्यावरनं, आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग हाच. हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम घातला की डुलण्याचा फुगवटा ७०० वरनं घसरून ५०० वर येतो, कारण डुलताना हलतो तो हायड्रोजनच. पण २०० चा फुगवटा जवळपास जागचा हलत नाही, कारण तिथं पूर्ण रेणू सरकतो आणि त्याचं वजन १८ चं २० झालं तर कितीसा फरक पडणार. हे फळ्यावर काढून झालं तेव्हा पोरगी वहीत न लिहिता नुसती त्या दोन फुगवट्यांकडं बघत बसली होती, आणि वाटीतला बर्फ तोवर आपोआप वितळून गेला होता.