तारीख नसलेली कामं आणि टास्कवॉरियर

कामांची यादी ठेवायची ॲप मी बरीच वापरली आणि सोडली. एकाला सतत नेट लागायचं, दुसऱ्याला दर महिन्याचे पैसे, तिसरं उघडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच डोक्यातून जायचं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीजवळ गेलं की मिळते आणि लाइन, म्हणजे वीज, तिच्या मर्जीने येते. त्यामुळे सगळं आपल्याच फोनात राहील, फुकट असेल आणि नेट मागणार नाही, एवढीच माझी अट होती. पुण्यात नोकरीला असलेल्या चुलतभावाने टास्कवॉरियर सुचवलं.

हे ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, एमआयटी परवान्याखालचं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत; काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. अँड्रॉइडवर त्यासाठी टर्मक्स लागतं, म्हणजे असे हुकूम टाइप करायचं ॲप. ते एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या भांडारातून घेतलं, टाकीजवळ उभं राहून 'पीकेजी इन्स्टॉल टास्कवॉरियर' दिलं आणि तिथून पुढे नेटचा संबंध संपला. 'टास्क ॲड' लिहून पुढे काम लिहायचं, की ते यादीत. नुसतं 'टास्क' लिहिलं की यादी समोर.

त्याआधी टूडू डॉट टीएक्सटी बघून झालं होतं. जीना ट्रपानी यांनी 2006 मध्ये आणलेली पद्धत. साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीत एक काम, झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स. किराणा, बिलं, फोन करायचे एवढीच ज्याची कामं आहेत त्याने तीच घ्यावी, याहून सोपं काही नाही. पण 'हे झाल्याशिवाय ते होत नाही' हे त्या फाइलला आपणहून कळत नाही, आणि शेतात तर दुसरं काही नसतंच.

टास्कवॉरियर प्रत्येक कामाला निकडीचे गुण देतं. तारीख जवळ आली की जास्तीत जास्त 12, ज्याच्यामुळे दुसरं काम अडलंय त्याला 8, आपण 'महत्त्वाचं' ठरवलेल्याला 6, आणि स्वतःच अडलेल्या कामाचे 5 वजा. बेरीज करून यादी वरखाली लागते. हे सगळं तारखांवर जगणाऱ्या माणसाला ठीक आहे. सोयाबीनच्या पेरणीला तारीख कोणती द्यायची? कृषी विभाग सांगतो 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ती तारीख कोणत्या रकान्यात लिहू?

एका संध्याकाळी मी फोन घेऊन बाबांसमोरच बसलो. ते म्हणाले, "काय लिवून रायला रे एवढं? मले इचार ना." मग विचारलंच. डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, कशामुळे अडते?

"वापसा पायजे."

वापसा, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी होणं. तो आला तर?

"तं बैल पायजेत. बैल आहेत तं मानूस पायजे. मानूस आला तं डवऱ्याची पास पाजवेल पायजे."

पास म्हणजे डवऱ्याचं पातं. तासभर असंच चाललं, आणि माझी यादी खरी तिथे तयार झाली. आमच्याकडे काम तारखेवर अडत नाही, कशावर तरी किंवा कोणावर तरी अडतं. म्हणून मी टॅग, म्हणजे कामाला लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या, ठरवले ते त्याच हिशोबाने: पाऊस, वापसा, लाइन, मजूर, तालुका. टॅग रोमन अक्षरांत ठेवले, कारण रात्री बांधावर अंगठ्याने टाइप करायचं असतं. टॅगच्या आधी अधिकचं चिन्ह द्यायचं, बस.

याचा फायदा पहिल्यांदा लाइनच्या टॅगने दाखवला. शेतीपंपाची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. "लाइन आली रे!" अशी हाक आली की 'टास्क प्लस लाइन' लिहायचं. मोटर लावणे, मागच्या वावरातला पाइप बदलून बघणे, स्टार्टरचा आवाज तपासणे, एवढंच दिसतं. विम्याचे कागद, बहिणीच्या घरी द्यायची तूर, काही मध्ये येत नाही. तसंच शेजारचं कोणी दारव्ह्याला निघालं की तालुक्याची यादी: बँकेत पासबुक भरणे, पास लोहाराकडून आणणे, आईच्या बीपीच्या गोळ्या. पूर्वी यातलं एक हमखास राहायचं आणि त्या एकासाठी पुन्हा पेट्रोल जळायचं.

साखळीच्या कामांना 'डिपेंड्स' आहे, म्हणजे हे काम त्या कामावर अवलंबून असं लिहायची सोय. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायला मी तारीख देतो, मे महिन्याची, कारण ते आपल्या हातात आहे. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवायचे. 70 च्या वर उगवले तर ते बियाणं चालतं, नाहीतर विकत घ्यावं लागतं. त्यावर बीजप्रक्रिया अवलंबून, तिच्यावर पेरणी. तपासणीला 'डन' दिलं की पुढचं काम आपोआप मोकळं होऊन वर सरकतं. पेरणीला तारीख नाही, फक्त पावसाचा टॅग.

'वेट' मला सगळ्यात आवडलं. पीककर्जाची 31 मार्च किंवा विम्याची जुलैअखेर ही कामं वर्षभर डोळ्यासमोर कशाला हवीत? वेटला तारीख दिली की तोवर ते काम यादीतून गायब होतं. विम्याचं काम मी 1 जुलैला उगवू देतो आणि मुदत स्वतःच्या मनाने 20 जुलैची लिहितो, कारण शेवटच्या दिवसांत सेवा केंद्रावर रांग असते. 'समडे' असाही एक शब्द चालतो, म्हणजे कधीतरी. जुन्या आवृत्तीत त्याचा अर्थ 18 जानेवारी 2038 होता. विहिरीचं बांधकाम मी तिथेच टाकलंय.

अडचणी आहेत. टर्मक्समध्ये देवनागरी नीट बसत नाही. वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं फुटतात, रकाने वेडेवाकडे होतात. 'पऱ्हाटी' (कपाशी) तर ओळखूच येत नाही. म्हणून मोठी यादी मी लॅपटॉपवर वाचतो. फोनचा हॉटस्पॉट लावायचा, टर्मक्समध्ये एसएसएचडी (दुसऱ्या यंत्रावरून फोनात शिरू देणारा प्रोग्राम) चालू करायचं आणि लॅपटॉपवरून 8022 या पोर्टवर फोनातच शिरायचं. डेटा बंद असला तरी चालतं, आणि यादी एकाच जागी राहते, दोन प्रती जुळवायची भानगड नाही.

2024 मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा माहिती साध्या फाइलींतून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये गेली. आता फाइल उघडून हाताने दुरुस्ती करता येत नाही, हे मला पटलं नाही. 'टास्क एक्सपोर्ट' केलं की सगळं वाचता येईल अशा मजकुरात बाहेर येतं, ते अधूनमधून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतो.

आणि 'रिकर', म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी कामं, त्यापासून मात्र दूर राहा. वर्षातून एकदा येणाऱ्या कामाला ठीक आहे. आठवड्याचं काम लावलं आणि वेचणीच्या दिवसांत फोन बघायला फुरसत मिळाली नाही, की चुकलेल्या प्रत्येक आठवड्याची वेगळी ओळ तयार होऊन सगळी यादी त्यानेच भरते. दुधाचा हिशोब, गुरांचे गोचीड, टाकी धुणे, ही कामं आमच्याकडे अजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनेच लिहिली जातात.