डाव्या हाताचं काय?

मंगळवार, रात्री उशिरा

संध्याकाळी पुण्याहून एका कीबोर्ड वाजवणाऱ्याचा फोन आला. "दादा, तुमचा मोटिफ मला द्या, माझा क्रोनॉस घ्या. वरचे पैसे कुणीच कुणाला द्यायचे नाहीत." तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. बायकोने दोनदा विचारलं, आमटीत मीठ कमी पडलंय का. आमटी होती हेच मला आठवत नव्हतं.

माझा कीबोर्ड यामाहा मोटिफ एक्सएफ६, २०१० चं मॉडेल. त्याचा कॉर्ग क्रोनॉस २०११ चा. दोन्ही ६१ पट्ट्यांचे, दोन्ही आता बनत नाहीत, त्यामुळे नवा-जुना हा वादच नाही. त्याला मोटिफ कशाला हवा? पूर्वी त्याच्याकडे मोटिफ एक्सएस, म्हणजे एक्सएफच्या आधीचं मॉडेल, होता. त्यात बांधलेली पॅटर्न्स, म्हणजे ताला-सुरांचे तयार तुकडे, पेनड्राइव्हवर पडून आहेत आणि एक्सएफ त्या फाइली उघडतो. मला पटलं. जुन्या वह्या ठेवायला माणूस कपाट बदलतो, तसलाच प्रकार.

गुरुवार

पुण्याला जाऊन आलो. क्रोनॉस दोन तास वाजवला. आवाज तयार करणारी नऊ इंजिनं आहेत त्यात. पियानोचं वेगळं, टोनव्हील ऑर्गनचं वेगळं, तारेच्या वाद्यांचं वेगळं. पियानोचा स्वर लूप न करता, म्हणजे तोच तुकडा फिरवत न ठेवता, पार विरेपर्यंत रेकॉर्ड केलेला. एक कॉर्ड दाबून पेडल धरलं आणि आवाज विझेपर्यंत ऐकत बसलो. तो शेजारी चहा घेऊन उभा.

खरा मोह पुढे होता. बासरीचा शेवटचा स्वर धरून सेट लिस्टवर, म्हणजे पडद्यावरच्या आवाजांच्या यादीवर, बोट टेकवलं, स्ट्रिंग्ज आल्या, आणि बासरी आपली सावकाश विरत राहिली. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यालाच कळेल ही काय चीज आहे ते. मुखडा संपून म्युझिक सुरू होतं तिथे आम्हाला एका श्वासाएवढी जागा मिळते. मोटिफवर व्हॉइस, म्हणजे वाद्याचा आवाज, बदलला की हातातला स्वर तुटतो. त्या काळच्या असल्या बहुतेक मोठ्या कीबोर्डांची तीच रीत. मी त्यातून वाट काढलीय. गाणं साँग मिक्सिंग नावाच्या मोडमध्ये बांधायचं, सोळा पार्टांत सोळा आवाज बसवायचे आणि पार्टचं बटण दाबून उड्या मारायच्या. मग तुटत नाही. पण इन्सर्ट इफेक्ट, म्हणजे त्या-त्या आवाजाचा स्वतःचा इफेक्ट, आठच पार्टांना मिळतात, बाकीचे त्याविना वाजतात. म्हणून कोणते आठ, यावर प्रत्येक गाण्याला डोकेफोड. कार्यक्रमाची पंचवीस-तीस गाणी धरा, किती रात्री गेल्या असतील!

मग सनई लावली आणि तिथे अडलो.

मोटिफला डावीकडे चाकं आहेत, पिचचं एक, मॉड्युलेशनचं एक. मींड घेताना माझा अंगठा ते चाक सरकवतो. किती सरकवायचं हे मला विचाराल तर सांगता यायचं नाही, अंगठ्याला माहीत आहे. कॉर्गला जॉयस्टिक. पिच डावी-उजवीकडे, थरथर वर. कोमल गंधारावरून षड्जावर उतरायला गेलो, काठी जरा वर सरकली, आणि सनई अशी कापायला लागली की पहाटेच्या थंडीत मांडवाबाहेर बसवलेला सनईवालाच जणू. तो म्हणाला, "महिन्यात हात बसेल." बसेलही. चैत्राच्या जत्रा पंधरा दिवसांवर आल्यात त्याचं काय?

आणि चालू व्हायला दोन मिनिटांहून जास्त! आत कॉम्प्युटरच आहे शेवटी. गावोगावी लाइटीवरून जनरेटरवर जाताना एक झटका बसतोच. गेल्या वर्षी एका गावात ऐन लावणीत तीनदा बसला. ढोलकीवाला गडी तयारीचा आहे, पण दोन मिनिटं एकट्यानं ताल ओढायचा म्हणजे पब्लिक शिट्ट्या सुरू करतं. यूपीएस लावता येतो हो, पण टेम्पोत आणखी एक डबा, आणि तोही मलाच उचलायचा.

शुक्रवार

आज कपाटामागची आबांची पेटी काढली. भाता फाटलाय. फाटण्याआधी तिचे ३७ स्वर मी एकेक करून रेकॉर्ड केले होते, हळू आणि जोरात असे दोनदा, म्हणजे ७४. मोटिफच्या ५१२ एमबीच्या फ्लॅश बोर्डावर ती पेटी बसलीय. वीज गेली तरी पुसत नाही. भजनाच्या कार्यक्रमात लोक विचारतात, खरी पेटी आहे का?

क्रोनॉस वेव्ह फाइली घेतो, तेव्हा आवाज तिकडे जाईल. पण कोणता स्वर कुठल्या पट्टीवर, जोरात दाबलं की कोणता, लूप कुठे जोडायचा, हे सगळं पुन्हा हातानं. वेळ लागेल एवढंच. तरी मन लागत नाही, आणि त्याचं कारण फक्त वेळ असेल असं मला वाटत नाही.

शनिवार

फोन केला. म्हटलं, जत्रा होऊ देत, मग बोलू. तोवर क्रोनॉस आठवडाभर दे, हात बसतो का बघतो.

"मग मोटिफ मला आठवडाभर द्याल?"

जत्रेच्या तोंडावर! दोघंही हसलो.

मग सुचलं ते बोलून गेलो. "तुझा पेनड्राइव्ह पाठव. इथे उघडतो आणि पॅटर्न्स ऑडिओत उतरवून देतो."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच, "सगळी?"

"किती आहेत?"

"दोनशेच्या वर असतील."

सोमवारी कुरिअर येणार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.