एडिट, ब्लँक

"एडिट, ब्लँक." टॅब दाबला. "एडिट, ब्लँक." पुन्हा टॅब. तेच.

आज पहिल्यांदाच एनव्हीडीए (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) सुरू करून डोळे मिटले आणि मीच बनवलेला वेबपेजवरचा फॉर्म भरायला बसलो. तो एवढंच सांगत होता: लिहायची चौकट, रिकामी. नाव कुठे, फोन कुठे, काही पत्ता लागेना. तिसऱ्या चौकटीत ईमेल होता म्हणे. मीच ठेवला होता!

पडद्यावर सगळं छान दिसत होतं. चौकटीशेजारी 'नाव' लिहिलेलं होतं, पण साध्या स्पॅनमध्ये, म्हणजे काहीच खास अर्थ नसलेल्या एचटीएमएल टॅगमध्ये. डोळ्यांना ते शेजारी, ब्राउझरला मात्र दोघांची ओळखच नाही. त्याऐवजी चौकटीला नाव देणारा लेबल टॅग घातला, त्याच्या 'फॉर' या गुणधर्मात इनपुटचा (म्हणजे त्या चौकटीचा) आयडी दिला. लगेच आवाज आला, "नाव, एडिट, ब्लँक." वर फुकटात आणखी एक: आता 'नाव' या शब्दावर क्लिक केलं तरी कर्सर चौकटीत जातो.

लेबल टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे. आणि मी गेले दोन आठवडे बटणाचे कोपरे क्रोम आणि सफारीत सारखे दिसावेत म्हणून डोकं फोडतोय. टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत ते दाखवणारी निळी कड 'घाण दिसते' म्हणून ती लपवणारं 'आउटलाइन नन' सीएसएसमध्ये लिहिणाराही मीच. (आत्ताच काढलं.)

तुम्ही कधी माउस बाजूला ठेवून स्वतःचा फॉर्म भरून पाहिलाय?