नेंटहेड: आधी हात धुऊन घ्या

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टचे चार दिवस एका ओळीत सांगते: पाऊस, गर्दी, गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेल्या सकाळी आणि मधूनच ढग सरकले की दिसणारी तळी. तळी सुंदर आहेत, पण मला तिथे शांतपणे बसायला मिळालं नाही. मन भरलं ते परतीच्या वाटेवर, जिथे थांबायचं ठरलंही नव्हतं अशा गावात.

मावसभाऊ न्यूकॅसलला असतो. पेनरिथहून निघताना दादा म्हणाला, "हार्टसाइडच्या घाटाने जाऊ. वळणं फार आहेत, पण तुला आवडेल." आवडलाच. घाट उतरून ऑल्स्टन, आणि तिथून थोड्याच अंतरावर नेंटहेड, शिशाच्या जुन्या खाणींचं गाव. समुद्रसपाटीपासून 1,437 फूट उंच. चहूकडे हिरव्यागार टेकड्या आणि त्यांच्या मधोमध राखाडी ढिगारे. इतक्या पावसाच्या मुलखात या ढिगाऱ्यांवर गवताची काडी नाही. दादाने गाडी बाजूला घेतली. वहिनीने दिलेला तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन आम्ही खाली उतरलो.

हे गाव एका कंपनीने वसवलं. सनद 1692 ची, राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्या काळातली. सनदेतलं नाव लांबलचक, दगडी कोळशावर शिसं गाळणारी कंपनी अशा अर्थाचं. लोक तिला लंडन लेड कंपनी म्हणत, नाहीतर क्वेकर कंपनी, कारण भागधारकांत आणि कारभाऱ्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं बरीच होती. तोवर शिसं गाळायला लाकूड जाळत. कोळसा वापरायचा तर त्यातली घाण धातूत उतरे. कंपनीच्या एडवर्ड राइट नावाच्या क्वेकर डॉक्टरने अशी भट्टी वापरात आणली, जिच्यात कोळसा एका बाजूला जळतो आणि फक्त ज्वाळा छताला आपटून खनिजावर येते. शिशाच्या खनिजात थोडी चांदीही असते. कंपनीच्या चांदीतून पाडलेल्या काही इंग्रजी नाण्यांवर गुलाब आणि पिसांचे तुरे आहेत.

नेंटहेडची जमीन आधी डरवेंटवॉटरच्या सरदाराची. राजाविरुद्धच्या 1715 च्या बंडात तो सामील झाला, पुढच्या वर्षी त्याचा शिरच्छेद झाला आणि जप्त झालेली जहागीर शेवटी ग्रीनिचच्या रुग्णालयाकडे, म्हणजे म्हाताऱ्या खलाशांच्या आश्रमाकडे गेली. खाणी या आश्रमाकडून पट्ट्याने घेतलेल्या. म्हणजे इथल्या अंधारात खणणाऱ्या माणसाच्या कष्टातला एक हिस्सा लंडनमधल्या खलाशांच्या जेवणाकडे जात होता.

कंपनीने कामगारांसाठी घरं बांधली, शाळा काढली, वाचनालय दिलं. मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे असा तिचा नियम होता. मुलींनाही तो लागू. इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या शिक्षणाचा पहिला मोठा कायदा 1870 चा, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. गावात लोखंडी छत्रीचं एक कारंजं आहे, 1877 चं, कंपनीचे व्यवस्थापक बेनब्रिज यांच्या नावाचं. त्याच्यासमोर उभी राहून मी मनापासून म्हटलं, असे मालक हवेत.

मग मजुरीची पद्धत कळली. चार ते आठ जणांची टोळी करायची, ठरावीक मुदतीसाठी कंपनीशी सौदा करायचा: एक बिंग खनिजाला इतके पैसे. बिंग म्हणजे आपल्या हिशेबात साधारण चारशे किलो. खनिजाची शीर जाड लागली तर नशीब, बारीक झाली तर महिनोन् महिने फुकट खणायचं. हिशेब वर्षाकाठी. तोवर घर चालवायला दरमहा थोडी रक्कम आगाऊ. हे वाचलं आणि मी म्हटलं, "अरे दादा, ही तर उचल!" उसाच्या फडावर कोयता घेऊन जाणाऱ्या जोड्यांची असते तशी. वर्षाअखेर हिशेबात उचल फिटली नाही की माणूस पुढच्या हंगामालाही बांधला गेला. शाळा देणारी कंपनी आणि उचल देणारी कंपनी एकच होती, हे मला पचायला जड गेलं.

भट्टीच्या पडक्या भिंतींपासून एक दगडी नळ टेकडीवर चढत जातो. नळ म्हणजे माणूस आत शिरेल एवढा आडवा बोगदा, भट्टीचा विषारी धूर गावापासून लांब नेण्यासाठी बांधलेला. आता कमान जागोजागी ढासळली आहे. धूर वर जाता जाता थंड होई आणि त्यातलं शिसं भिंतींवर पुटासारखं बसे. ते वाया घालवायचं नाही, म्हणून अशा बोगद्यांत माणसांना, पोरांना आत पाठवून ते खरवडून काढत. मी एका ढासळलेल्या जागी वाकून आत पाहिलं. वास नव्हता, फक्त गार ओल. दगडावरून हात फिरवला तर बोटांना राखाडी भुकटी लागली.

खालच्या ढिगाऱ्यात मला एक खडा सापडला. सुपारीएवढा, पण हातात घेतल्यावर दचकावं इतका जड. फुटलेल्या बाजूला लहान लहान चौकोनी पैलू, नव्या पत्र्यासारखे चमकणारे. हेच ते खनिज, गॅलेना. एका हातात तो धरून मी दुसऱ्या हाताने डबा उघडला, पुरी उचलली.

"थांबा! आधी हात धुऊन घ्या."

कुत्र्याला फिरवायला आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. आवाजात रागावणं नव्हतं, घाई होती. मी ओढ्याकडे वळले तर म्हणाले, त्या पाण्याने नको, खाणींतून अजूनही जस्त आणि शिसं येतं त्यात. स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांनी माझ्या हातावर ओतलं, तेही दोनदा. त्यांच्या घराण्यातली माणसं खाणीत होती. लहानपणी घरात शिरताना त्यांना हेच वाक्य ऐकावं लागे.

मलाही. माझे आजोबा पुण्यात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळे शिशाचे. संध्याकाळी ते आले की आजी अंगणातच तांब्या घेऊन उभी असे. हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठालाही शिवायचं नाही. मला तो सोवळ्याचा प्रकार वाटायचा.

त्या गृहस्थांनी सांगितलं, शिशापेक्षा जास्त माणसं दगडाच्या धुळीने नेली. 1864 मध्ये सरकारी आयोगाने तेच नोंदवून ठेवलं आहे. पुढे परदेशी शिसं स्वस्तात येऊ लागलं, भाव कोसळले, 1882 मध्ये कंपनीने इथून पाय काढला आणि 1905 मध्ये ती संपली. गाव राहिलं. मी खडा होता तिथे परत ठेवला.

किलहोप क्रॉसच्या खिंडीत, 2,056 फुटांवर, वाऱ्याने गाडीचं दार उघडवेना. आत बसूनच पुऱ्या खाल्ल्या. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "आजोबांच्या पोटात कळा यायच्या, आठवतंय?"

आठवत होतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ओव्याची पुरचुंडी कायम असायची.