तुम्ही विचारलंत म्हणून: यात निषेध कुठंय?

घरी कोणी आलं की मी पेद्रो लुइस फेरेर या क्यूबन गायकाची गाणी लावतो आणि आधी जरा फुशारकी मारून घेतो की बघा, या माणसाला क्यूबात रेडिओ-टीव्हीवर बंदी होती, मग गाणं सुरू होतं, पाहुण्यांचे पाय हलायला लागतात आणि दोन मिनिटांत प्रश्न येतोच, "अरे हे तर नाचायचं गाणं आहे, यात निषेध कुठंय?" इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे, निषेधाचं गाणं म्हटलं की आपल्याला वळलेली मूठ आणि चढा आवाज लागतो. फेरेर तसा नाहीच. क्यूबात ग्वाराचा नावाचा एक जुना प्रकार आहे, १९व्या शतकात तिथल्या विनोदी नाटकांतून वाढलेला, चावट, टवाळ, टोमणे मारणारा. म्हणजे टिंगल करणं हे त्या प्रकाराचं कामच, पुढे तो नुसता ठेका होऊन बसला इतकंच. फेरेरने त्याला त्याची जीभ परत दिली असं मला वाटतं. जन्म १९५२ चा, यागुआहाय नावाच्या आडगावचा, काका राउल फेरेर कवी आणि १९६१ च्या साक्षरता मोहिमेतले मोठे शिक्षक. त्यामुळे क्यूबातल्या १९५९ च्या क्रांतीवर बाहेरून दगड मारणारा माणूस नाही हा, घरातलाच आहे.

आणि गाणंही घराचंच. 'आबुएलो पाको', म्हणजे पाको आजोबा. आजोबांनी खूप खस्ता खाऊन घर बांधलंय, राहतात सगळे, पण घरातली काडी हलवायची तरी आजोबांची परवानगी लागते. शिवाय त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे आणि सुरी आहे, ती कोणी काढून घेत नाही तोवर म्हातारा डेंजर. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं स्पॅनिश दुसऱ्या लेव्हलचं होतं, मला वाटलं काय गोड कौटुंबिक गाणं आहे, क्लासमध्ये तसं सांगितलं पण, तर आमच्या मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, अहो ते आजोबा म्हणजे फिदेल कास्त्रो, त्या क्रांतीचा नेता आणि मग देशाचा सर्वेसर्वा. गाण्यात फिदेलचं नाव एकदाही नाही, नाव ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतं. 'क्रांतीच्या आत सगळं चालेल, विरोधात काहीच नाही' हे फिदेलने १९६१ मध्येच कलावंतांना सांगून ठेवलेलं, मग गाणारा आजोबांबद्दल बोलणार नाहीतर कोणाबद्दल बोलणार? अर्थात त्याने बंदी टळली नाही. नव्वदच्या दशकात, म्हणजे सोव्हिएत मदत बंद होऊन लोकांचे खायचे वांधे झाले होते त्या काळात, याची गाणी रेडिओवर नव्हती, पण कॅसेटवरून कॅसेटवर उतरत घरोघर होती.

दुसरं गाणं गायीचं. ही गाय तक्रार करतेय की मला पोरं झाली पण बैल काही कधी भेटला नाही, सगळं कृत्रिम रेतनाने! ऐकणारा फिस्सकन हसतो. पण फिदेलला गायींचं भलतंच वेड होतं हे माहीत असलं की ते हसू जरा वेगळं होतं. उब्रे ब्लांका नावाच्या गायीने १९८२ मध्ये एका दिवसात १०९.५ लिटर दूध दिलं, गिनीजमध्ये नाव आलं, मेल्यावर तिला पेंढा भरून ठेवलंय. आणि त्याच देशात शेतकऱ्याला स्वतःची गाय परवानगीशिवाय कापता येत नव्हती, तुरुंगच. तेव्हा मला न विचारता माझं सगळं वरून ठरतं असं म्हणणारी ती फक्त गाय आहे का, ते तुम्हीच ठरवा.

आता संगीताचं. क्यूबाच्या पूर्वेला ग्वांतानामोकडे चांग्वी म्हणून प्रकार आहे, सोन या क्यूबन नाचगाण्याच्या कुळातला पण जास्त रांगडा, त्यात त्रेस वाजतं (तीन जोड्या तारांची गिटार) आणि मारिंबुला, म्हणजे लोखंडी पट्ट्या लावलेला लाकडी खोका, त्याच्यावरच बसून वाजवायचा. फेरेरने या चांग्वीचं स्त्रीलिंगी करून टाकलं, चांग्विसा, आणि त्यात बायकांचे आवाज पुढे आणले, स्वतःच्या मुलीचा, लेनाचा पण. २००५ चा 'रुस्तिको' अल्बम ऐका, कळेल. १९९७ च्या 'बुएना विस्ता सोशल क्लब' या जुन्या क्यूबन गाण्यांच्या अल्बमनंतर जगाला क्यूबा म्हणजे सिगार, जुन्या गाड्या आणि गोड म्हातारे एवढंच हवं होतं (मलाही आवडतात ते, खोटं कशाला बोलू), आणि इथे हा माणूस तेच त्रेस घेऊन आजचं भांडण गातोय, म्हणून मला जास्त जवळचा.

कोणी म्हणेल आडून बोलणं हा पळपुटेपणा. २०२१ मध्ये 'पात्रिया इ विदा' (मातृभूमी आणि जीवन) हे गाणं आलं, फिदेलच्या 'मातृभूमी किंवा मृत्यू' घोषणेला थेट उत्तर, आणि ते गाणाऱ्यांपैकी मायकेल ओसोर्बो या रॅपरला पुढच्या वर्षी ९ वर्षांची शिक्षा झाली. ते धाडस मोठंच. पण ते गाणं घोषणा म्हणून आठवतं, आणि आजोबांचं आठवतं ते घर म्हणून.

परवा आत्या आली होती, तिला ओळ न् ओळ मराठीत सांगितली. ती म्हणाली, "रिव्हॉल्व्हर सोडलं तर हे आमचे अण्णाच की रे." आणि परत लावायला सांगितलं.