बिकानेरला जाताय? संध्याकाळी पाय झाका

इंदूरहून बिकानेरला थेट गाडी आहे, पण रोज नाही. तेव्हा तिकीट आधी काढा. जुनागड किल्ला, रामपुरिया हवेल्या, देशनोक यांवर भरपूर लिहून झालंय, ते सोडतो. लोकमान्यनगरच्या मंडळींबरोबर गेलो खरा, पण माझं पोट पॅथॉलॉजी लॅबवर. बिकानेर म्हटलं की आम्हाला भुजियाच्या आधी त्वचेचा लीशमॅनियासिस आठवतो.

काळ्या आजाराचा हा चुलतभाऊ. यात ताप नाही, प्लीहा वाढत नाही; चेहऱ्यावर किंवा हातापायांवर एक पुळी येते, हळूहळू फुटते आणि महिनोन्‌महिने भरत नाही. बिकानेरच्या जुन्या शहरात मुख्यतः लीशमॅनिया ट्रोपिका हा परजीवी आढळतो. वाळूमाशी तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते. कुत्र्यांमध्येही तो सापडला आहे. चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांमुळे वाळूमाशीचं नाव कानावरून गेलं असेल. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आवाज न करणारी, जमिनीलगत उड्या मारत जाणारी माशी. भिंतींच्या भेगा, शेणमातीची ओल, बिळं ही तिची घरं.

जुन्या शहरात चौकाचौकांत लाकडी पाटे मांडलेले असतात. आपला ओटला कुणी उचलून चौकात ठेवावा तसे. अंधार पडला की त्यावर बैठका जमतात, पत्ते, राजकारण, सगळं रात्री उशिरापर्यंत. इंदूरच्या सराफ्यात रात्री बारापर्यंत खाणारे आम्ही, आम्हाला तिथून उठवेना. पाट्यावर शेजारी बसलेल्या एका आजोबांच्या गालावर रुपयाएवढा खोलगट वण होता, कडा किंचित उचललेली, मधली कातडी पातळ, चुरगळलेली. ‘बचपन का फोड़ा है,’ म्हणाले. आमच्या जोशीकाकू मात्र लगेच दोन हात सरकल्या. काकू, शेजारी बसून हा लागत नाही, माशीच लागते. आणि ती चावायला निघते ती नेमकी याच वेळी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत.

म्हणून पाट्यावर जरूर बसा, पण पूर्ण बाह्या, पायमोजे आणि उघड्या अंगाला डीटवालं (कीटक दूर ठेवणारं) मलम लावून. साधी मच्छरदाणी पुरत नाही, भोकांतून माशी आत शिरते. बारीक जाळीची, औषध लावलेली घ्या. खोली शक्यतो वरच्या मजल्यावर मागा आणि पंखा जोरात ठेवा, वाऱ्यात तिला उडता येत नाही. लस नाही, आधी घ्यायची गोळीही नाही. पूर्वी मलेरियासाठी डीडीटी फवारायचे, त्यात ही माशीही आपसूक कमी झाली होती. फवारणी थांबली तशी ती परतली.

देशनोकच्या करणीमाता मंदिरात उंदीर मोकाट फिरतात, त्यांना काबे म्हणतात. तिथे सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: यांच्यापासून हा आजार होतो का? लीशमॅनियाच्या दुसऱ्या एका जातीशी ज्या उंदरांचं नाव जोडलं जातं ते वाळवंटात बिळं करून राहतात. देवळातले काबे वेगळे. निर्धास्त दर्शन घ्या.

खरी गंमत घरी आल्यावर. पुळी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उगवते, तोवर सहल विसरलेली असते. दुखत नाही, म्हणून लोक हळद, मग अँटिबायोटिक, मग स्टिरॉइडचं मलम असं करत बसतात. न दुखणारी जखम तीन-चार आठवडे भरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ‘बिकानेरला जाऊन आलो’ हे आपणहून सांगा. इंदुरात बसलेल्या डॉक्टरला ते एरवी सुचायचं नाही. नमुना जखमेच्या मधून नव्हे, कडेवरून खरवडून घ्यायला सांगा. मधे नुसता पू आणि मेलेल्या पेशी मिळतात; कडेच्या स्लाइडवर जिम्सा रंग चढवला की मोठ्या पेशींच्या पोटात अंडाकृती ठिपके दिसतात, प्रत्येकात एक गोल केंद्रक आणि शेजारी एक इवलीशी दांडी. ती दांडी दिसली की निदान पक्कं.

उपचार आहेत: जखमेतच सोडियम स्टिबोग्लुकोनेटची इंजेक्शनं, किंवा भूल देऊन रेडिओफ्रीक्वेन्सीने ५० अंश सेल्सिअसला ३० सेकंद शेक. जखम आपोआपही भरते, पण त्याला वर्ष लागू शकतं आणि वण राहतो. चेहऱ्यावर असेल तर वाट बघत बसू नका.