सहाचा तीन झाला आणि बेरीज आली ३१

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या माझ्या चौरसाबद्दल मागच्या वेळी 'आता फक्त प्रूफ काढायचं राहिलंय' (म्हणजे चाचणीचा छाप) असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. काढलं. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 'मेलेन्कोलिया' या कोरीव चित्रातला जादूचा चौरस (कुठलीही ओळ मिळवा, बेरीज एकच), देवनागरी आकड्यांत, सहा सेंटिमीटरचा. रेषा काळ्याभोर, ब्युरिन (कोरायची टोकदार सळई) कुठेही घसरलेला नाही. पाच मिनिटं हवेत होते. मग सहज तिसरी ओळ मोजली: ९, ३, ७, १२. एकतीस!

यायला हवेत चौतीस. छाप सुलट यावा म्हणून प्लेटवर सगळं उलटं कोरायचं हे आपल्याला झोपेतही माहीत असतं. पण त्या एका घरातला कार्बन पेपरचा ठसा पुसला गेला होता, म्हणून तो सहा मी अंदाजानं घातला, आणि घातला तो सरळ. दुसरा कुठला आकडा असता तर निदान उलटा म्हणून ओळखू आला असता. आपला सहा उलटला की चक्क तीन होतो.

समाधान एवढंच की अगदी शेजारच्या घरात खुद्द ड्यूररही चुकलाय. १५१४ च्या त्या प्लेटच्या पहिल्या अवस्थेतल्या (म्हणजे दुरुस्तीआधीच्या) छापांत ९ उलटा आहे. पुढे त्यानं तो सुधारला, तरी तो नऊ जरा विचित्रच दिसतो. त्याचंच बकरीवर उलटी बसलेल्या चेटकिणीचं चित्र आठवतंय ना? तिथे तर सहीतला 'डी'च उलटा. (तो मुद्दाम, असं काही जण म्हणतात. ही पळवाट मीही वापरणार आहे.)

तर दुरुस्ती. स्क्रेपरनं आकडा खरवडला, तेल लावून बर्निशर (घोटायचं गुळगुळीत हत्यार) फिरवला, आरशासारखं लख्ख झालं. प्रूफ काढलं, तर त्या जागी करडा डाग. पुन्हा घासलं, डाग आणखी मोठा. तीन संध्याकाळी यात गेल्या. खरवडल्यानं तिथे उथळ बशी तयार झाली होती, आणि शाई पुसताना मलमल तिच्यावरून नुसतीच सरकत होती, शाई आत तशीच राहत होती. मी घासून घासून बशीची परात करत होते.

शेवटी तांबट आळीत जिथून पत्रा घेते तिथे प्लेट दाखवली. काकांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, खड्डा घासून जातो का कधी? मागून उचला की."

कॅलिपरनं जागा मागच्या बाजूला उतरवली, प्लेट पोलादी ठोकळ्यावर पालथी घातली, गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके. आठ-दहा पुरले. पुढून उंचवटा जेमतेम जाणवला, तो घासून सपाट केला. चौथ्या प्रूफात डाग नाही! दोनदा पुसून पाहिलं, नाहीच. ड्यूररचा बाप सोनार होता आणि पोरगा आधी त्याच्याच हाताखाली शिकला. त्याला असल्या गोष्टी कुणाला विचाराव्या लागल्या नसणार.

पण ठोकलेलं तांबं कडक होतं. नवा सहा घालताना ऑनलाइन मागवलेल्या ब्युरिनचं टोक दुसऱ्याच वळणावर तुटलं. 'धार लावून पाठवतो' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सोनारकामाच्या दुकानातली साधी चौकोनी सळई घेतली, तोंड पंचेचाळीस अंशांत घासलं, नखावर टेकवून बघितली. लगेच रुतली. मग डाव्या हातानं प्लेट फिरवत फिरवत सहा घातला. या वेळी आरशात बघून. किंचित जाडा झालाय. असू दे.

पुढे ड्यूररच्या चित्रातली चौरसावरची घंटा कोरायला घेणार होते. पण हे लिहिता लिहिता आठवलं, १८०५ मध्ये मिरजेत अख्खी गीता तांब्यावर कोरून छापली होती. सातशे श्लोक, सगळी अक्षरं उलटी! माझा एका सहाशी चार दिवस झगडा. घंटा राहू दे, आधी एक श्लोक कोरून बघते. या प्लेटची मागची बाजू ठोक्यांनी गेली, म्हणजे काकांकडे पुन्हा फेरी आली.